माहिती चौकट : वैयक्तिक वापर आणि भारतीय कॉपीराइट कायदा

- मूळ कायदा : कॉपीराइट अधिनियम 1957 मध्ये संमत झाला व 21 जानेवारी 1958 पासून अमलात आला; 2012 ची दुरुस्ती त्याच वर्षी 21 जूनपासून लागू झाली.

- न्याय्य वापर : कलम 52 नुसार खासगी वापर, संशोधन, समीक्षा किंवा चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी मर्यादित प्रमाणात केलेला वापर हक्कभंग ठरत नाही. पूर्वी साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृतींपुरती असलेली ही सवलत 2012 मध्ये चित्रपट व ध्वनिमुद्रणांनाही मिळाली. संगणक प्रणाली मात्र तिच्यातून वगळलेली आहे.

- साठवण : विकत घेतलेल्या सीडीवरील गाणे स्वतः ऐकण्यासाठी फोनमध्ये साठवणे या सवलतीत बसते, तेच गाणे सर्वांसाठी इंटरनेटवर चढवणे हे मात्र जनतेपर्यंत प्रसारण ठरते, आणि त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते.

- डिजिटल कुलूप : नक्कल रोखणारी तांत्रिक योजना हक्कभंगाच्या हेतूने निकामी केल्यास कलम 65अ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो, कायद्याने प्रतिबंध न केलेल्या हेतूंसाठी केलेली कृती या कलमातून वगळलेली आहे.

- दिव्यांग वाचक : अंध व्यक्तीला वाचता यावे म्हणून पुस्तकाची ब्रेल किंवा श्राव्य आवृत्ती नफ्याविना तयार करण्यास 2012 पासून मुभा आहे.

- मुदत : साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे, तर चित्रपट व ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो, छायाचित्रांची मुदत 2012 पासून छायाचित्रकाराच्या हयातीशी जोडली गेली आहे.