दोन गाड्यांच्या मधली जागा

रजिस्टरच्या पानावर मी तीन रकाने आखले आहेत: बोलतंय कोण, कधी बोललं आणि या वाक्याने कुणाची मान सुटते. जबान्या वाचायला बसले की तिसरा रकानाच आधी भरतो.

घटना 11 सप्टेंबर 1857ची. युटाच्या दक्षिण भागातलं माउंटन मेडोज नावाचं कुरण. आर्कान्सातून कॅलिफोर्नियाकडे निघालेला स्थलांतरितांचा तांडा तिथे पाच दिवस वेढ्यात अडकला होता. मॉर्मन मिलिशियाचे लोक पांढरं निशाण घेऊन आले. हत्यारं खाली ठेवा, सुखरूप नेतो, असा शब्द दिला आणि बाहेर काढून मारलं. सुमारे 120 माणसं गेली, वाचली ती 17 लहान मुलं. मारेकऱ्यांत काही पायूट आदिवासीही होते. पण बेत आणि हुकूम मिलिशियाचा.

बखरीपेक्षा समकालीन पत्रावर भरवसा ठेवायचा, हे आपल्याकडे इतिहास वाचणाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. इथे तो नियम दगा देतो. पांढऱ्या निशाणामागोमाग तांड्यात शिरून तो शब्द देणारा जॉन डी. ली. त्यानेच 20 नोव्हेंबर 1857 रोजी मॉर्मन धर्मप्रमुख ब्रिगम यंग यांना पत्र लिहिलं आणि सगळं खापर आदिवासींवर फोडलं. घटनेला जेमतेम दहा आठवडे झाले होते. कागद समकालीन आहे, आणि खोटा आहे.

आता लीवर चाललेल्या 1876च्या खटल्याकडे येते. हत्याकांडाच्या दिवशी ताफ्याच्या पुढे दोन घोडागाड्या होत्या. त्यांत जखमी आणि लहान मुलं. एक सॅम्युअल मॅकमर्डी हाकत होता, दुसरी सॅम्युअल नाइट. ली गाड्यांबरोबर पायी चालत होता. गाडीतल्या जखमींना कुणी मारलं? दोन्ही गाडीवानांचा रोख लीकडे, आणि दोघांचंही म्हणणं एकच की आपण घोडे सांभाळण्यात गुंतलो होतो. तुम्ही स्वतः कुणाला मारलंत का, असं विचारल्यावर मॅकमर्डीने उत्तर टाळलं: खटला माझ्यावर चाललेला नाही. या ओळीपाशी मी दर वेळी थांबते. ज्याच्या हाताला काही लागलेलं नाही, त्याला ‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो?

लीचा कबुलीजबाब त्याच्या मृत्यूनंतर, 1877 साली, त्याच्या वकिलाने पुस्तकरूपाने छापला. वर्तमानपत्रांत आलेला मजकूर त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही. म्हणजे कुणाचा तरी हात मधे फिरला आहे. त्यात ली म्हणतो, मी कुणालाच मारलं नाही, मारलं ते गाडीवानांनी. पिस्तूल काढून चाप चढवताना ते अवेळी उडालं आणि गोळी मॅकमर्डीच्या मांडीवरची विजार फाडून गेली. ‘मारलं नाही’ हे वाक्य मी बाजूला ठेवते, त्याने लीची मान सुटते. पण जखमींच्या गाडीजवळ, हातात चाप चढवलेलं पिस्तूल, हे त्याने स्वतःहून सांगितलं आहे आणि ते त्याच्या अंगावर येतं. तेवढं मी घेते. तिघांच्या बोलण्यातून उरते ती दोन गाड्यांच्या मधली ती जागा आणि तिथे उभी असलेली तीन माणसं.

कोर्टातले शब्द तरी जसेच्या तसे आहेत का? खटला लघुलिपीत उतरवला गेला होता. लाजीन कॅरुथ या लघुलिपीतज्ज्ञ बाईंनी मूळ टिपणं नव्याने वाचली, तेव्हा जुन्या उताऱ्यांत फेरफार झालेले सापडले. रेघारेघांतून असं एकेक अक्षर सोडवणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

हाडं मात्र कुणाची बाजू घेत नाहीत. ऑगस्ट 1999मध्ये स्मारकाच्या कामासाठी जमीन खणताना किमान 28 जणांचे अवशेष वर आले. तपासणीत कवट्यांवर गोळ्यांच्या खुणा मिळाल्या. सुरीने गळे चिरल्याच्या किंवा टाळू सोलल्याच्या नाहीत. पायूटांच्या नावावर वर्षानुवर्षं खपवलेल्या वर्णनांना या हाडांचा आधार नाही. एका अख्ख्या जमातीच्या माथी हे पाप मारलं गेलं, आणि मला त्याची चीड येते.

23 मार्च 1877 रोजी लीला त्याच कुरणात नेऊन गोळ्या घातल्या. या हत्याकांडासाठी शिक्षा झाली ती त्या एकट्यालाच. मॅकमर्डीवर खटला कधीच चालला नाही.