पारख कुणाकडे ठेवायची?

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागतात, त्याच सुमाराला आमच्या कोडोलीच्या रस्त्यांवर ऊसतोड टोळ्यांचे ट्रॅक्टर दिसू लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, चुलीचे दगड, शेळ्या आणि पोरंबाळं. वारणेच्या दोन्ही काठांवर पहाटेपासून कोयत्यांचा आवाज सुरू होतो. गेल्या काही हंगामांत त्यात आणखी एक आवाज मिसळला आहे, ऊस तोडणाऱ्या यंत्राचा. दहा-बारा जोड्यांना एकेक फड संपवायला जेवढे दिवस लागत, तेवढे तास त्याला पुरतात. बांधावर उभे राहून ते पाहणाऱ्यांच्या तोंडी दोनच प्रकारची वाक्ये असतात. कुणी म्हणतो, "आता टोळीच्या पाया पडायला नको." कुणी म्हणतो, "मग ह्या माणसांनी खायचं काय?"

गेली बरीच वर्षे मी या खोऱ्यातली शेतीची अवजारे, गुऱ्हाळे आणि यंत्रे यांच्या नोंदी हौसेने जमवतो आहे. माझ्याकडे पदवी नाही. वाचलेले आणि विचारलेले एवढेच भांडवल. कृत्रिम बुद्धिमत्तेवर सध्या जे बोलले जाते त्यात या दोन वाक्यांच्या पलीकडचे फारसे ऐकू येत नाही. मला तिसरा प्रश्न जास्त छळतो. यंत्राला आपण नेमके काय देऊन टाकतो आहोत, आणि उद्या ते परत मागायची वेळ आली तर मिळेल का?

ताकद

आमच्या भागात यंत्राने आधी घेतली ती ताकद. घाण्याला बैल जुंपलेले असत, त्यांच्या जागी इंजिन आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असे म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हते. तेच नांगर आणि किर्लोस्करवाडीत तयार झालेले उसाचे चरक पुढे गावोगाव गेले. भीती खोटी ठरली, हे मान्य करायला हवे.

पण ताकद दिली तरी गुऱ्हाळातली पारख गुळव्याकडेच राहिली. काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढली जाते, रस घट्ट होत जातो. काहील नेमकी कधी उतरवायची, हा सगळा खेळ. पुस्तकात लिहिलेले असते की रसाचे तापमान ११८ अंशांच्या आसपास गेले की गूळ धरतो. गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळून बघतो. ऊस चोपण जमिनीतला आहे की माळाचा, तोडून किती दिवस झाले, पाणी कधी तोडले होते, हे सगळे त्याच्या हिशेबात असते. तापमापकाला त्यातले काही ठाऊक नसते. कोल्हापुरी गुळाला आज भौगोलिक मानांकन आहे. त्या मानांकनामागे जमीन-पाणी आहे, तशी ही बोटेही आहेत. गुऱ्हाळे कमी होत गेली, तसे गुळवेही कमी झाले. यंत्राने त्यांना हाकलले असे कुणी म्हणणार नाही. काम कमी झाले, पोरांनी ते शिकायचे सोडले, आणि पारख म्हाताऱ्यांबरोबर गेली.

आठवण

यंत्राने दुसऱ्यांदा घेतली ती आठवण, आणि ते घडले थेट आमच्या दारात. कोडोलीचे तात्यासाहेब कोरे यांनी गावाला लागून वारणानगरची सहकारी वसाहत उभी केली. साखर कारखाना, दूध संघ, बाजार, शाळा-कॉलेजे असा तो पसारा. १९९८ मध्ये इथे 'वायर्ड व्हिलेजेस' नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे संगणकाने जोडायची, असा बेत होता. खेड्यातल्या शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी योजना, सगळे पडद्यावर दिसेल, असे तेव्हा बोलले गेले.

प्रत्यक्षात त्या संगणकांचा उपयोग मुख्यतः कशासाठी झाला? उसाच्या लागणीची नोंद, तोडणीची चिठ्ठी, खताचा हिशेब आणि गेलेल्या उसाचे वजन यांसाठी. काही वर्षांनी 'मायक्रोसॉफ्ट रिसर्च'च्या अभ्यासकांनी हे पाहिले आणि याच कामासाठी संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरचा एसएमएस वापरून दाखवला. तो स्वस्तही पडला आणि सोयीचाही. मोठ्या स्वप्नाचे हे छोटे फळ, असे म्हणून काहींनी नाक मुरडले. मला मात्र त्यात शेतकऱ्याचे शहाणपण दिसते. त्याने यंत्राकडून आठवण घेतली, सल्ला घेतला नाही. वजनाची चिठ्ठी चुकली तर त्याला ते कळत होते, कारण आपल्या वावरात किती टन ऊस उभा होता हे तो स्वतः पाहून सांगू शकत होता. काट्यावरून होणारी भांडणे आमच्या जिल्ह्याला नवी नाहीत. ती होऊ शकली, कारण काटा काहीही दाखवो, शेतकऱ्याकडे स्वतःचा अंदाज होता.

पारख

आता तिसरी पायरी आली आहे. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीतले संवेदक ओलावा मोजतात, शेतातले केंद्र हवामान टिपते, उपग्रह वरून पिकाचा रंग पाहतो, आणि हे सगळे एकत्र करून शेतकऱ्याच्या फोनवर निरोप येतो: आज पाणी द्या, उद्या देऊ नका, या कोपऱ्यात खत कमी पडले आहे. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने 'महाअॅग्री-एआय' धोरण मंजूर केले, पहिल्या टप्प्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. म्हणजे हा निरोप आज ना उद्या आपल्या सगळ्यांच्या फोनवर येणार आहे.

त्याला नावे ठेवायचा माझा हेतू नाही. आपली जुनी पारख काही देवाची वाणी नव्हती. ऊस म्हणजे पाणी, पाणी म्हणजे ऊस, या समजुतीने आपण पाटाने पाणी सोडत राहिलो, आणि शिरोळकडच्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या. त्या काळी ओलावा सांगणारा संवेदक असता आणि आपण त्याचे ऐकले असते, तर काही जमिनी वाचल्या असत्या.

तरीही माझ्याच शेतातली एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आगेमागे माझा खोडवा पिवळा पडू लागला. पानाचा फोटो काढून पाठवला की रोग सांगणारे एक अॅप मी फोनवर घेतले होते. त्याने क्षणात उत्तर दिले, सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता. मी फवारणी केली. फरक पडेना, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा केली. तीन आठवडे गेले. शेजारच्या बांधावरून ऐंशीच्या घरातले आबा येत होते. मी त्यांना फोन दाखवला. त्यांनी तो बघितलाही नाही.

"बेट हलवून बघितलंस का?"

"न्हाई आबा."

"फोनला मुळ्या दिसत्यात व्हय रं?"

त्यांनी पिवळ्या बेटाला हात घातला. एवढा जाडजूड ऊस, पण मुळासकट अलगद हातात आला. खाली सात-आठ हुमण्या पांढऱ्या वेटोळ्यासारख्या पडलेल्या. मुळ्या खाऊन संपल्या होत्या. त्या वर्षी तो तुकडा जवळपास गेलाच.

अॅपचा दोष मी फारसा धरत नाही. त्याला पान दाखवले, त्याने पानाचे सांगितले. मला लागले ते वेगळेच. पावसाळ्याच्या उतरणीला पिवळा ऊस दिसला की माझे वडील पहिले काम खुरप्याने माती उकरायचे करत. मी ते लहानपणापासून पाहिले होते. मला ते माहीत होते! फोन हातात आल्यावर दोन-तीन वर्षांत ते मला आठवेनासे झाले.

परत मागताना

माझ्या बाबतीत जे झाले ते मोठमोठ्या ठिकाणीही होते, हे मला नंतर वाचताना कळले. लिझॅन बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच 'आयर्नीज ऑफ ऑटोमेशन' या निबंधात हा पेच मांडला होता. त्यांच्यासमोर मोठे कारखाने होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सोपे, रोजचे काम यंत्राला दिले की माणसाकडे उरते ते यंत्र अडेल तेव्हाचे अवघड काम. पण रोजचे काम सुटल्यामुळे त्याचा हात बसलेला राहत नाही. म्हणजे जेव्हा त्याची खरी गरज पडते, तेव्हाच तो सगळ्यात कच्चा असतो.

२०२५ मध्ये पोलंडमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना पुढे कर्करोग होऊ शकेल अशा गाठी शोधायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत सुरू झाली. मग याच डॉक्टरांनी मदतीशिवाय केलेल्या तपासण्या पाहिल्या. पूर्वी अशा तपासण्यांत सुमारे २८ टक्के रुग्णांत गाठी सापडत. मदतीची सवय लागल्यानंतर हे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवर आले. एका अभ्यासावरून शेवटचा निकाल देऊ नये. पण तो वाचताना मला माझा खोडवा आठवला.

आता तोडणीच्या यंत्राकडे पुन्हा वळतो. 'रोबोट' हा शब्द आला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून. मूळ चेक शब्द 'रोबोटा', अर्थ सक्तीचे काम, आपल्याकडची वेठ. यंत्राने माणसाची वेठ संपवावी, एवढीच त्या शब्दाची जुनी आशा असेल, तर ऊसतोडीइतके योग्य क्षेत्र दुसरे नाही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी जोडी सहा महिने घर सोडते. बीडकडच्या तोडणी मजूर बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. हे काम यंत्राकडे जाऊ नये असे मी कुठल्या तोंडाने म्हणू? प्रश्न एवढाच की यंत्र घ्यायला सरकार ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान देते, तेव्हा कोयता खाली ठेवणाऱ्या जोडीच्या पुढच्या वर्षाची सोय कुणाच्या हिशेबात आहे?

आणि आपल्या स्वतःच्या सोयीचाही प्रश्न आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आमच्याकडचा ऊस आडवा झाला होता. आडव्या, गुंतलेल्या उसात यंत्राचे चालत नाही. तो माणसांनीच तोडला. टोळ्या एकदा मोडल्या, पोरे दुसऱ्या कामाला लागली, की पुढच्या पुरात कोयता धरणारा हात कुठून आणणार? तो हात परत आणायला अनुदान नसते.

म्हणून मला वाटते, यंत्रावर अवलंबून राहावे की नाही, या वादात फार वेळ घालवू नये. आपण कधीच अवलंबून झालो आहोत. प्रत्येक नव्या यंत्रासमोर विचारायचा प्रश्न लहान आहे. हे चुकले तर ते मला कळेल का? वजनाची चिठ्ठी चुकली तर कळत होते. फवारणीचा सल्ला चुकला ते मला तीन आठवडे कळले नाही. जिथे चूक ओळखण्याची ताकद आपल्याकडे शिल्लक आहे, तिथे यंत्र खुशाल वापरावे. जिथे ती जाते आहे, तिथे ती मुद्दाम राखावी लागेल, जसे आपण बियाणे राखतो.

हे एकट्याने होणारे काम नाही. वारणा खोऱ्याला सहकाराची सवय आहे. पाण्याचा नि खताचा सल्ला उद्या यंत्र देणार असेल, तर गावागावांत काही वावरे अशी ठेवावीत जिथे माणसाचा अंदाज आणि यंत्राचा निरोप शेजारी-शेजारी लिहिला जाईल आणि हंगामाअखेर कोण किती वेळा बरोबर होते ते सगळ्यांसमोर वाचले जाईल. शेतकऱ्यांच्या शेतातून गोळा झालेली माहिती कुणाच्या मालकीची, हेही तिथेच ठरावे. आबांसारख्यांना अशा बैठकीत मानाने बोलवावे, आणि शाळेतल्या पोरांना वर्षातून एकदा तरी मुळाखालची माती उकरायला लावावी.

माझ्यापुरते मी सुरू केले आहे. वावराच्या पश्चिमेकडच्या चार सऱ्या मी फोनला न विचारता पिकवतो. एक वही आहे. तिच्यात डाव्या पानावर माझा अंदाज, उजव्या पानावर फोनचा निरोप. पाण्याच्या बाबतीत आतापर्यंत फोन माझ्याहून जास्त वेळा बरोबर निघाला, हे प्रामाणिकपणे सांगतो. किडीच्या बाबतीत मी थोडा पुढे आहे. यंदाही गणपतीच्या सुमारास तिसऱ्या सरीतली दोन बेटे पिवळी दिसली. फोन खिशातच होता. मी आधी खाली बसलो आणि खुरपे काढले.