मतपत्रिकेवर काय असतें व काय नसतें

मतदानाच्या दिवशीं आपल्यापुढें नेमकें काय येणार, अशी पृच्छा नव्या मतदारांकडून आमच्याकडे वारंवार होते. उत्तर सोपें आहे. परंतु पूर्वेतिहास ध्यानांत घेतल्यावांचून तें पुरतें उमगत नाहीं, म्हणून येथें थोडें विस्तारानें लिहितों.

प्रथम एका लोकप्रिय समजुतीचें निरसन करणें अवश्य आहे. चोळनृप परांतक याच्या कारकीर्दींतील उत्तरमेरूर येथील इ. स. 919 व 921 च्या शिलालेखांचा दाखला देऊन, तेव्हांपासून आपल्याकडे मतपेटी होती असें सांगण्यांत येतें. पात्र पुरुषांचीं नांवें ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घटांत घालावीं व लहान मुलाकडून उचलवावीं, अशी ती व्यवस्था होती. ही सोडत झाली, मतदान नव्हे. मतपत्रिकेचें पूर्वरूप शोधावयाचें तर पालि विनयपिटकांतील चुल्लवग्गाकडे वळावें. भिक्षुसंघांत वाद उपस्थित झाला म्हणजे शलाका, अर्थात् काड्या, वांटून बहुमत अजमावीत. उघड, कानांत पुटपुटून व गूढ असे त्याचे तीन प्रकार होते. गूढ प्रकारांत प्रत्येक पक्षाची शलाका वेगळ्या रंगाची करीत, व घेतलेली शलाका कोणास न दाखविण्याविषयीं बजावीत. येथवर सर्व ठीक. मात्र अधर्मवाद्यांचें आधिक्य दिसल्यास शलाका देणाऱ्यानें तें मतदान सदोष ठरवून मोडीत काढावें, अशी आज्ञाही तेथेंच आहे! मोजणाऱ्यापासून गुप्तता नव्हती, हें उघड आहे.

स्वतंत्र भारताच्या 1951-52 च्या पहिल्या निवडणुकींत मतपत्रिकेवर उमेदवाराचें नांवच नव्हतें, हें आजच्या तरुणांस ठाऊक नसतें. पत्रिका नाशिकच्या सरकारी मुद्रणालयांत छापल्या होत्या. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचें चिन्ह डकविलेलें असे. कोठें बैलजोडी, कोठें वटवृक्ष, कोठें झोपडी. बहुसंख्य मतदार निरक्षर होते, तेव्हां ही योजना सुज्ञपणाचीच म्हटली पाहिजे. तथापि पेट्या आडोशाआड असल्यामुळें एखादा मतदार पत्रिका पेटींत न टाकतां बाहेर नेऊन विकूं शके, व विकत घेणारा त्या जमवून हस्तकाकरवीं आपल्या पेटींत टाकवूं शके. पत्रिका कोरी, म्हणून ती कोणाच्याही उपयोगाची!

यावर उपाय म्हणून 1960-61 च्या सुमारास सर्व नांवें व चिन्हें एकाच पत्रिकेवर आलीं, आणि पेटी एकच राहून ती अधिकाऱ्याच्या दृष्टीसमोर आली. चिन्हावर उमटवावयाचा रबरी शिक्का बाणांच्या फुलीचा होता. ओली शाई घडीमुळें शेजारच्या नांवावर उमटली, तर त्या छापांतील बाण उलट दिशेनें फिरलेले दिसत व खरें मत ओळखतां येई. आम्ही शिक्षक या नात्यानें मतदानकेंद्रावर बसत असूं, तेव्हां पत्रिका आधीं उभी व मग आडवी दुमडा, हें वृद्धांस समजावतां समजावतां दिवस सरे.

आतां लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुकींत ही पत्रिका यंत्रावर बसविलेली असते. तिच्यावर अनुक्रमांक, उमेदवाराचें नांव, 2015 पासून छायाचित्र, व चिन्ह इतकेंच असतें. शेजारीं निळी कळ. पक्षाचें नांव नसतें. तें चिन्हावरूनच जाणावें. वर्णानुक्रम राज्याच्या भाषेचा, अर्थात् महाराष्ट्रांत मराठीचा. पण 1996 च्या कायद्यान्वयें आधीं मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग केवळ नोंदणीकृत पक्षांचे व शेवटीं अपक्ष, असे तीन गट पाडून प्रत्येकांत तो लावतात. त्यामुळें अकारादि नांवाच्या अपक्षास शिरोभागीं स्थान मिळत नाहीं. सर्वांखालीं, 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर आलेली, कोणीही पसंत नसल्याची ओळ असते. एका यंत्रभागावर सोळाच ओळी मावतात. उमेदवार अधिक असल्यास दुसरा भाग जोडतात, तेव्हां तोही पाहावा.

कळ दाबल्यावर शेजारच्या कांचेआड एक चिठ्ठी दिसते. तिच्यावर निवडलेल्या उमेदवाराचा क्रमांक, नांव व चिन्ह असतें. सात सेकंद ती वाचावी; मग ती तुटून आंतल्या बंद पेटींत पडते. ती आपणांस कां देत नाहींत, असें एका माजी विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें. ती घरीं नेतां आली असती, तर पैसे देणाऱ्यानें प्रथम तीच मागितली असती.