घड्याळ कोणत्या टोंकास?

समजा, मुंबईंत बसून आपण लंडनमधील डेटाबेसला एक साधा प्रश्न विचारिला व उत्तर येण्यास १२५ मिलिसेकंद लागले. तिकडील सर्व्हरची नोंद मात्र सांगते कीं, काम २ मिलिसेकंदांत उरकलें. दोन्ही घड्याळें खरीं आहेत. उरलेला सारा काळ प्रवासांत गेला.

निर्वात पोकळींत प्रकाश सेकंदास सुमारें ३ लाख किलोमीटर धांवतो. कांचेच्या तंतूंत त्याची गति २ लाखांच्या आसपास येते. मुंबईहून लंडन सरळ रेषेनें सुमारें ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन १४,४००. एवढ्या येरझारेस निदान ७२ मिलिसेकंद हवेतच. शिवाय समुद्रतळाची केबल कांहीं सरळ रेषेनें जात नाहीं. तेव्हां आंकडा शंभरावर गेला तर नवल नाहीं. यंत्र कितीहि महागाचें घ्या, ही मर्यादा तसूभर हलत नाहीं. वाट रुंद केल्यानेंहि नाहीं. रुंद वाटेनें माल अधिक येतो, पहिली गाडी लौकर पोंचत नाहीं.

एका प्रश्नापुरतें हें कोणास जाणवतहि नाहीं. मीठ, मिरची, हळद आणावयास वाण्याकडे कोणी तीन खेपा घालीत नाहीं. पण पुष्कळ प्रोग्राम १,००० गिऱ्हाइकांची यादी मागवून मग प्रत्येकाची बाकी निरनिराळी विचारतात. सर्व्हर शेजारीं असेल तर २-३ सेकंदांत काम होतें, म्हणून लिहिणाराच्या ध्यानांत कांहींच येत नाहीं. तोच प्रोग्राम मुंबईंतून लंडनशीं बोलूं लागला कीं १२५ सेकंद! ओरॅकलचा जावा ड्रायव्हर तर, वेगळें सांगितलें नाहीं तर, एका खेपेस १० च ओळी आणतो. १,००० ओळींस सुमारें १०० खेपा झाल्या. हा आंकडा ५०० केला कीं दोनतीन खेपांत भागतें.

मग दोष कोणाचा, हें ओळखावें कसें? पोस्टग्रेसमध्यें ‘एक्स्प्लेन ॲनलाइझ’ सर्व्हरवरील काळ सांगतें. त्यांत उत्तराचा प्रवास येत नाहीं. ‘टायमिंग’ हा पीएसक्यूएलमधील आदेश विचारणाराच्या टोंकास मोजतो. दोन्ही आंकडे शेजारीं मांडावे. त्याहूनहि सोपें म्हणजे, ‘सिलेक्ट १’ असें विचारून पाहावें. त्यांत शोधण्यासारखें कांहींच नसतें. त्यासहि १२३ मिलिसेकंद लागले, तर नवे इंडेक्स बांधण्यांत रात्र घालवूं नये. खेपा कमी कराव्या, किंवा डेटाबेसच मुंबईस आणावा.