भीती जाते कुठे आणि परत येते कशी?

पीटर जेमतेम तीन वर्षांचा, सशाला प्रचंड घाबरणारा. सशाशी बिनधास्त खेळणाऱ्या मुलांमध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी त्याला बसवलं आणि त्याची भीती ओसरू लागली. मग तो आजारी पडला. इस्पितळातून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला आणि सशाची भीती पहिल्याइतकीच परतली! पुढे जोन्स यांनी खाऊ देत देत ससा टप्प्याटप्प्याने जवळ आणला, तेव्हा पीटर त्याला कुरवाळू लागला. हा प्रयोग १९२४ साली प्रसिद्ध झाला.

असं का होतं? भीती कमी होते तेव्हा जुनी आठवण बहुतांशी शाबूत राहते. मेंदू तिच्याशेजारी ‘इथे धोका नाही’ ही नवी आठवण तयार करतो. अमिग्डाला हा भाग भीती जागवतो, तर कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स तिला आवर घालतो.

पण ही नवी आठवण जागेशी फार बांधलेली असते. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांच्या प्रयोगांत एका पेटीत निर्धास्त झालेले उंदीर दुसऱ्या पेटीत पुन्हा घाबरले. नुसता काळ लोटला किंवा नवा धक्का बसला, तरी भीती डोकं वर काढते.

म्हणूनच चांगले थेरपिस्ट भीतीला सामोरं जाण्याचा सराव वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी करून घेतात. गेलेली भीती परतली तर उपचार वाया गेले असं समजू नका; थेरपिस्टशी बोला आणि सराव पुन्हा सुरू करा.