घराचा विमा किती रकमेचा?

पुण्या-मुंबईच्या एखाद्या सदनिकाधारकास त्याच्या घराचा विमा किती रकमेचा असावा असे विचारले, तर तो बहुधा खरेदीखतावरील आकडा सांगतो. मुद्रांकित दस्तऐवजाविषयी त्याच्या मनात इतका आदर असतो, की त्या किमतीत बांधकामाचा वाटा किती आणि त्याखालच्या जमिनीचा किती, हा प्रश्न त्यास सुचतच नाही. वस्तुतः आगीत वा पुरात नाश पावते ते बांधकाम. जमीन जागच्या जागी असते. म्हणून तेच बांधकाम आजच्या दराने पुन्हा उभारण्यास जो खर्च येईल, तीच विमारक्कम. समजा, ८०० चौरस फूट चटईक्षेत्राची सदनिका दीड कोटीस घेतली आणि बांधकामाचा दर चौरस फुटास २,५०० रुपये धरला, तर ही रक्कम २० लाख होते; उरलेल्या एक कोटी तीस लाखांवर हप्ता भरणे ही विमा कंपनीस दिलेली निव्वळ देणगी होय.

कोकणात मात्र हे गणित उलटते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण ज्या पुरात बुडाले, तसा पूर एखाद्या जांभ्याच्या, कौलारू, वडिलोपार्जित घरात शिरला असे मानू. हे घर विकावयास काढले तर गिऱ्हाईक मिळण्याची मारामार; पण तेच नव्याने बांधावयाचे झाल्यास चिरे, सागवान, गवंडी आणि सुतार यांचे दर ऐकून मालकाचे डोळे पांढरे व्हावेत. तेथे बाजारभावाने विमा उतरविणारा अर्ध्या घरावरच छप्पर घालतो.

जुन्या अग्निविम्यात अशा काटकसरीस दंडही होता : ४० लाखांच्या घराचा विमा २० लाखांचा असला, तर ८ लाखांच्या नुकसानीपोटी ४ लाखच पदरात पडत. विमा नियामक प्राधिकरणाच्या हुकुमान्वये १ एप्रिल २०२१ पासून प्रचारात आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात ही कपात माफ आहे, आणि दीर्घ मुदत घेतल्यास विमारक्कम दरसाल १० टक्क्यांनी आपोआप वाढते. तथापि घर समूळ कोसळले, तर कंपनीचे देणे विमारकमेपाशीच थांबते, ही गोष्ट त्या माफीच्या आनंदात विसरली जाते. गृहकर्जाबरोबर उतरविलेला विमाही कित्येकदा कर्जाच्या रकमेपुरताच असतो. बँकेस चिंता तारणाची, तुमच्या भिंतींची नव्हे.

घरातील सामानसुमानास या विमापत्रात इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, परंतु १० लाखांच्या मर्यादेत, संरक्षण आपोआप मिळते. म्हणजे वरील सदनिकेस ४ लाख. सामान अधिक मोलाचे असेल तर त्याचा तपशील द्यावा लागतो. दागदागिने व कलावस्तू यांत धरल्या जात नाहीत, त्यांचे मूल्य कंपनीशी आधी ठरवून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. आणि विमा उतरविल्यानंतर गच्चीवर खोली चढविली असेल, तर तिचीही वर्दी कंपनीस वेळीच दिलेली बरी.