जुनी येझदी आणि शिकाऊ हात
सहधर्मचारिणीस मोटारसायकल शिकविण्याची ज्यांची मनीषा आहे आणि ज्यांच्या अंगणात येझदी व जुनी बुलेट अशी दोन वयस्क यंत्रे नांदत आहेत, त्यांनी पाऊल सरावेपर्यंत दोहोंपैकी एकच गाडी तिच्या हाती द्यावी. कारण जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी व ब्रेक डाव्या, येझदीची रचना नेमकी उलट, आणि ऐन प्रसंगी पाय सवयीचेच ऐकतो. आमच्या मते येझदी बरी. तिच्यात किक व गिअर यांची दांडी एकच असून, गिअर टाकताना त्या दांडीनेच क्लच आपोआप सुटतो. ही सोय मोहक खरी, परंतु सराव हाताच्या क्लचचाच द्यावा. (आमच्या सौ. हे मानीत नाहीत, ही गोष्ट अलाहिदा.) धड्यापूर्वी क्लचची तार वंगण घालून मोकळी करावी आणि कॉन्टॅक्ट पॉइंटांची फट फीलर गेजने सुमारे ०.४ मिलिमीटर आहे ना, याची खातरजमा करावी. किका मारूनच दमलेला शिकाऊ इसम पुढे लक्ष ते काय देणार? पेट्रोलात ऑइल मिसळण्याचे कामही प्रारंभापासून तिच्याकडेच सोपवावे. शिकाऊ परवान्याची मुदत ६ महिन्यांची असते व पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. तेवढ्या अवधीत कार्ब्युरेटर उघडून साफ करणेही सहज शिकून होते.